चौसष्टावा प्रश्न

पुणे
१२ मार्च १९७८

प्रिय रेजिना बाय,

सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील. शाळेतल्या पोरांचा धरतेस तसा माझा कान धरायला तुझा हात पुण्यापर्यंत पोचत नाही, हे माझं नशीब. पण कारण ऐकलंस तर राग जाईल. आकडेमोड संपली!

गेल्या उन्हाळ्यात स्वतःची सुट्टी सोडून तू भुईगावात दारोदार फिरलीस आणि दोनशे बारा आयांचे फॉर्म भरून आणलेस. आमच्या संस्थेचे छापील प्रश्न त्रेसष्ट. चौसष्टावा तू स्वतः पेनाने प्रत्येक फॉर्मच्या तळाशी लिहिलास: 'सातव्या महिन्यात सुकेळी खाल्ली होती का?' तेव्हा मी हसलो होतो. वाळवलेल्या केळ्यांचा आणि बाळंतपणाचा काय संबंध, असं वाटलं होतं. नंतर सहा महिने गणनयंत्राचा दांडा फिरवत एकेक प्रश्न ताडून पाहिला: कोणत्या विहिरीचं पाणी, कुठली चूल, सुकी मासळी, नवऱ्याचं काम, आणि त्या घरातलं मूल पहिल्या महिन्यात गेलं का राहिलं. आणि वर आला तो तुझाच प्रश्न. दोनशे बारापैकी अठरा मुलं गेली, त्यांतल्या अकरांच्या आयांनी सुकेळी खाल्ली होती. खाणाऱ्या बायका एकूण पंचाहत्तरच, म्हणजे हे प्रमाण फार झालं. असं निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात तीन. शंभरात पाचाच्या खाली आलं की आमच्यात त्याची दखल घेतात.

केळी आठ दिवस उघड्यावर वाळतात, माश्या बसतात, आतून बुरशी धरत असेल. लेखात मी तसं लिहितो आहे.

आठ वर्षांपूर्वी तुझी लुईझा एकोणीस दिवसांची होऊन गेली तेव्हा डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नव्हतं. बाय, कदाचित ते हेच असेल.

लेख छापून येईपर्यंत कुणाला सांगू नकोस. सालोमी मावशीला तर मुळीच नको.

तुझा,
फेबियन

*

भुईगाव
२१ मार्च १९७८

प्रिय फेबियन,

अनेक आशीर्वाद.

तू सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगितलं. आधी हे लिहून टाकते, म्हणजे बाकीचं लिहायला हात मोकळा.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर महिला मंडळाची सभा होती. समोर पाच पोटुशी बायका बसलेल्या. माझ्या पर्समध्ये तुझं पत्र. मी गप्प कशी बसणार? उभी राहिले आणि सांगून टाकलं. आई गेल्यावर जिने आपल्याला वाढवलं तिच्याचविषयी बोलायचं होतं, तरी बोलले.

तुला माहीतच आहे. तीस वर्षं झाली, आळीतल्या कुठल्याही सुनेला सातवा लागला की मावशी राजेळी केळ्यांची सुकेळी घेऊन तिच्या दारात. बारा सुकेळी, वाळलेल्या केळीच्या पानात बांधलेली, वर लाल दोरा. दोरा पोटुशीनेच सोडायचा, दुसऱ्या कुणी नाही. माझा मी सोडला होता. बाराच्या बारा खाल्ली होती, नवरा असून अन्सेल्मला एक मागूनही दिलं नव्हतं.

मावशी सभेत मागे उभी होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती पोरं गो, रेजिना?"

मी म्हटलं, "अकरा."

तिने पदर डोक्यावर ओढला आणि निघून गेली. मी तिच्या घरी गेले तर ती अंगणात वाळत घातलेली केळी टोपलीत भरत होती.

तुला खोटं कशाला सांगू? वाईट वाटलं. पण त्या दिवशी आठ वर्षांत पहिल्यांदा मी डोळे मिटले आणि 'का' हा शब्द डोक्यात आला नाही. कारण कळणं किती मोठी गोष्ट आहे, ते ज्याचं गेलं त्यालाच ठाऊक.

तुझी,
रेजिना

*

पुणे
३० मार्च १९७८

प्रिय बाय,

तू सांगायला नको होतंस. पण जे सांगितलंस ते काही खोटं नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. मावशी समंजस आहे, महिन्याभरात विसरेल. लेख जवळजवळ झाला. साहेबांनी वाचला की छापायला जाईल.

एक गोड बातमी. विनीला दिवस गेले आहेत. डिसेंबरमध्ये तू आत्या होणार!

फेबियन

*

भुईगाव
१४ मे १९७८

प्रिय फेबियन,

विनीला माझे आशीर्वाद. आल्याचं पाणी घ्यायला सांग, ओकाऱ्या थांबतील. सुकेळीचं मी सांगायला नको.

मावशी विसरली नाही. लोकही विसरले नाहीत. ज्यांच्याकडे पुड्या गेल्या होत्या त्यांनी त्या आणून मावशीच्या ओट्यावर ठेवल्या. कुणी भांडलं नाही, नुसत्या ठेवल्या आणि गेल्या. सात पुड्या होत्या. मावशीने त्या उचलल्या नाहीत, दोन दिवस मुंग्या लागल्या, मग वाडीत राबणाऱ्या काळूरामने खड्ड्यात टाकल्या. आळीतल्या रेमेदीच्या सुनेच्या बाळाच्या बारशाला मावशीला बोलावणं नव्हतं. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसायची, आता दाराशी उभी राहते आणि शेवटच्या आशीर्वादाआधीच निघते.

परवा मला म्हणाली, "तुझी लुईझा माज्या हातून गेली, आनि मीच तिला न्हाऊ घालून पेटीत ठेवली." मी नाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, ते तू सांग. तू शिकलेला आहेस.

रेजिना

*

पुणे
२६ जून १९७८

प्रिय रेजिना बाय,

हे पत्र बसून वाच.

लेख साहेबांकडे दीड महिना पडून होता. परवा परत आला. सगळ्या पानांवर मिळून त्यांनी लाल पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती: 'एकूण किती कसोट्या केल्या?'

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं, चौसष्ट. ते म्हणाले, 'आणि लेखात एकच?' बाय, मला तिथे जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तुला समजेल असं सांगतो, कारण तुला समजलंच पाहिजे. शंभरात पाचाचा नियम आहे तो एका प्रश्नाला. चौसष्ट प्रश्न विचारले, तर त्यांतला एकही खरा नसला तरी तीनेक प्रश्न नुसत्या योगायोगाने त्या रेषेखाली येतातच. सणाच्या दिवशी चर्चच्या मैदानात आपण हाउजी खेळतो ना? एक तिकीट घेऊन लाईन लागली तर माणूस उड्या मारतो. चौसष्ट तिकिटं मांडीवर घेऊन बसलेल्याला लागली तर त्यात कसलं नवल? मी चौसष्ट तिकिटं घेऊन बसलो होतो आणि तुला फक्त लागलेलं तिकीट दाखवलं.

तेही खरं नाही. लागलेली तिकिटं तीन होती. सुकेळी हे एक. दुसरं, घराचं दार पश्चिमेला असणं. तिसरं, घरात शिवणयंत्र असणं. दार आणि शिवणयंत्र बघून मला हसू आलं आणि ते कागद मी खणात टाकले. सुकेळीला हसलो नाही, कारण माश्या आणि बुरशी जोडून तिची गोष्ट रचता येत होती. आणि ती तुला हवी होती, हे मला माहीत होतं. 'वर आला तो तुझाच प्रश्न' हे मी तुला लिहिलं ते धडधडीत खोटं होतं. इतके प्रश्न विचारायचे तर रेषाच खाली ओढावी लागते, शंभरात पाचाला चौसष्टने भागावं लागतं. हजारात एकाहूनही कमी यायला हवं होतं. सुकेळीचं आलं होतं शंभरात तीन. म्हणजे मावशीच्या सुकेळीविरुद्ध जेवढा पुरावा आहे तेवढाच तुझ्या शिवणयंत्राविरुद्ध.

लेख मी मागे घेतला. पण गावातून तो मागे कसा घ्यायचा? सोबत मावशीला वेगळं पत्र ठेवलं आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून तुझ्यावर सोपवतो. शब्दन् शब्द वाचून दाखव.

फेबियन

(सोबतचं पत्र)

सालोमी मावशी,

तुझा काही दोष नाही. तुझ्या सुकेळीने एकही मूल गेलेलं नाही. चूक माझ्या हिशेबाची आणि माझ्या घमेंडीची. तू कुणाचं वाईट केलं नाहीस. मी तुझं केलं. मला माफ कर. विनीला सातवा लागेल तेव्हा तुझी पुडी हवी आहे, दोरा ती सोडेल.

तुझा फेबियन

*

भुईगाव
१६ जुलै १९७८

बाळ फेबियन,

मी सांगते आनि रेजिना लिहिते. ती शाळेच्या भाषेत नीट करून लिहील.

तुझं पत्र रेजिनाने वाचून दाखवलं. तू लिहिलंस की झालं ते झालं, मावशीने तब्येतीला जपावं. तुझं मन मोठं आहे. तू शिकलास म्हणून हे उघडकीला आलं, नाहीतर मी अजून किती घरांत पुडी घेऊन गेले असते, देव जाणे. तुझ्या आईने तुम्हां दोघांना माझ्या हातात दिलं होतं. तिला मी वर जाऊन काय तोंड दाखवू, हा एकच घोर आहे.

काळूरामला सांगून राजेळीची सगळी बेटं खणून काढली. तुझ्या आजोबांनी लावलेली होती. काळूराम नको म्हणत होता, मीच कोयता घेतला तेव्हा त्याने काढली. फादरांना सांगून अकरा पोरांसाठी मिस्सा वाहिली. रोझरी म्हणताना एकेकाचं नाव घेते. लुईझाचं पहिलं.

विनीला मी काही पाठवीत नाही. तिने समजून घ्यावं. तिचं पोर सुखरूप होऊ दे, एवढंच मागते.

तुझी मावशी

*

पुणे
२१ जुलै १९७८

रेजिना बाय,

मावशीचं पत्र मिळालं. अक्षर तुझं आहे. मी लिहिलेला एकही शब्द तिला माहीत नाही.

'तुझा काही दोष नाही' हे पहिलंच वाक्य होतं. तिथून तू 'तब्येतीला जप' कुठून वाचलंस? आणि तिचं हे सगळं, आजोबांची केळी, अकरा नावं, तू समोर बसून लिहून घेतलंस? हात कसा चालला तुझा?

मला तुझ्यावर ओरडायचा अधिकार नाही. आग मीच लावली. पण बाय, ही माझी शेवटची विनंती समज. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी मी मावशीला लिहिलेलं पत्र तिला वाचून दाखव. विनीला डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं आहे, तिला एकटीला सोडून निघता येत नाही. पंधरा ऑगस्टला तिची आई येईल, त्या दिवशी मी निघतो. तोवर थांबू नकोस.

फेबियन

*

(तार)
वसई, ३ ऑगस्ट १९७८
मावशी गेली. दफन उद्या चार वाजता. ये. रेजिना

*

भुईगाव
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय फेबियन,

दफनाच्या दिवशी तू कबरीच्या पलीकडे उभा होतास. माझ्याकडे एकदाच पाहिलंस. संध्याकाळच्या एसटीने परत गेलास. आपण बोललो नाही ते बरंच झालं. तोंडाने मला सांगता आलं नसतं.

तुझं जूनचं पत्र मी चार वेळा वाचलं. हाउजी समजली, शिवणयंत्र समजलं. मी शिक्षिका आहे, भागाकार मला येतो. समजलं म्हणूनच लपवलं. तुझं खरं मानलं तर लुईझा कशानेच गेली नाही. आठ वर्षं मी कारण शोधत होते. माझं चालणं चुकलं, माझं दूध वाईट होतं, मी खालच्या विहिरीचं पाणी प्यायले, सगळं धुंडाळून झालं. मग तू कारण दिलंस आणि तीन महिन्यांत परत मागितलंस. मी दिलं नाही. मावशीच्या जिवापेक्षा मला माझी झोप प्यारी झाली. हे असं आहे, याला दुसरं नाव नाही.

तुझं दुसरं पत्र सव्वीस जुलैला आलं. मावशीला ताप होता, जेवण सुटलं होतं. दोन्ही पत्रं उशाशी घेऊन मी रोज बसायची आणि रोज उद्यावर टाकायची. दोन ऑगस्टला दुपारी तिला जरा हुशारी वाटली. भिंतीला टेकवून बसवलं आणि वाचायला घेतलं. 'तुझा काही दोष नाही.' मग तुझं मला आलेलं पत्रही वाचलं, म्हणजे तिला पटेल. पश्चिमेच्या दारापर्यंत आले, शिवणयंत्रापर्यंत आले, आणि मावशी हसली. किती महिन्यांनी हसली रे ती.

म्हणाली, "शिवणयंत्राने कुटं पोरं मरतात? कायतरी रचून सांगते. तू चांगली पोर हायस, माजी समजूत घालते."

मी कागद तिच्या डोळ्यांपुढे धरला. "मावशी, हे बघ, त्याचं अक्षर आहे, त्याने लिहिलंय."

ती म्हणाली, "मंग तवा का नाय वाचलंस?"

माझ्याजवळ उत्तर होतं. ते दिलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. 'मला तुला दोषी ठेवायचं होतं' एवढे पाच शब्द. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

त्यानंतर मी पुन्हा घरोघर गेले. दोनशे बाराच्या दोनशे बारा घरी. जिथे जिथे फॉर्म भरला होता तिथे उभं राहून सांगितलं की माझ्या भावाची चूक झाली, सुकेळीत काही नव्हतं. बायकांनी चहा दिला, मान डोलावली. आणि मी उठताना कुणी ना कुणी म्हणायचंच, "पण बाय, मावशी स्वतःच तर म्हणायची, माझ्या हातून गेली पोरं." तिने मागितलेली माफी हाच आता पुरावा झाला आहे. यावर तुमच्या शास्त्रात काही तोड असेल तर कळव.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक काम केलं. तुला विचारलं नाही. आपल्या गावाबाहेर, जिथे अजून कुणी हे ऐकलेलं नाही तिथे जाऊन नव्वद आयांना फक्त दोन गोष्टी विचारल्या: सुकेळी खाल्ली होती का, मूल राहिलं का. तिसरं काही विचारलं नाही. कागद सोबत पाठवते. मी मोजले नाहीत. माझा माझ्यावर भरवसा नाही.

आणखी एक. मावशीची पेटी काल उघडली. तळाशी एक झबलं सापडलं, हाताने शिवलेलं, नवं. त्यात गुंडाळून ठेवलेली पुडी. यंदाच्याच पानात बांधलेली, वर लाल दोरा. विनीची बातमी कळल्यावर, बेटं खणायच्या आधी, तीस वर्षांच्या सवयीने तिने विनीसाठी केलेली असणार. पाठवायचा धीर झाला नाही आणि टाकूनही देववली नाही. टाकून देऊ की पाठवू, ते तू सांग. ठरवायचा हक्क माझा राहिलेला नाही.

तुझी,
रेजिना

*

पुणे
२० नोव्हेंबर १९७८

प्रिय बाय,

कागद मोजले. दोनदा मोजले, मग साहेबांना मोजायला लावले. सुकेळी खाल्लेल्या त्रेचाळीस, त्यांतली चार मुलं गेली. न खाल्लेल्या सत्तेचाळीस, त्यांतलीही चारच गेली. या वेळी कसोटी एकच केली. एवढ्याशा आकड्यांवरून सुकेळी निर्दोष आहे असं सिद्ध होत नाही, हे मी लिहायला हवं, कारण आता मी तुला सगळं लिहिणार आहे. पण तिला दोषी धरायला काहीच नव्हतं. मार्चमध्येही नव्हतं.

तू पाच शब्द बोलली नाहीस म्हणतेस. माझं एकच वाक्य होतं, 'तीन प्रश्न वर आले', आणि ते मी पहिल्या पत्रात दडपलं. मावशीला आपण दोघांनी मिळून मारलं, बाय. ओझं तू एकटीने उचलू नकोस, अर्धं माझं आहे.

गावातल्या बायकांवर आमच्या शास्त्रात तोड नाही. मी नाताळात येतो. तुझ्याबरोबर पुन्हा एकदा सगळ्या घरी जाऊ, आणि त्या वेळी मी बोलेन.

लुईझा का गेली, ते मला माहीत नाही. बारा मार्चला मी तुला एवढंच लिहायला हवं होतं.

विनीला नववा लागला आहे. तिला सगळं वाचून दाखवलं, तुझी पत्रंही. ती बराच वेळ रडली आणि मग तिने पुडी मागितली. झबल्यासकट पाठव. दोरा तसाच राहू दे, ती सोडेल.

तुझा,
फेबियन